अवकाळी, पूर आणि पोवळे : अकोले परिसराच्या पर्जन्य-इतिहासातील शब्दसाक्ष्य

अकोले येथे प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. ह्या ऋषींविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा मात्र नदीची नसून समुद्राची आहे. कालेय नावाचे दैत्य समुद्राच्या पोटात दडून बसले होते. ते दृष्टीस पडावेत म्हणून अगस्तींनी सारा समुद्र प्राशन केला, असे महाभारताच्या वनपर्वात सांगितले आहे. समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस असलेल्या गावाने समुद्र पिणाऱ्या ऋषीला आपले दैवत मानावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु ह्या परिसराच्या पावसाचा इतिहास पाहू लागले म्हणजे ही विसंगती उरत नाही. अकोले तालुक्यात पडणारे बहुतेक पाणी अरबी समुद्रावरून आलेले असते, आणि समुद्रात झालेला पालट येथील शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही.

प्रस्तुत लेखात हवामानाच्या इतिहासाचा विचार भाषेच्या साधनाने करावयाचा आहे. पर्जन्यमापकाच्या नोंदी हे ह्या इतिहासाचे मुख्य साधन होय, ह्याविषयी दुमत नाही. पण भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्यापूर्वीच्या कित्येक शतकांची साक्ष द्यावयास दुसरे काही साक्षीदार लागतात. त्यांपैकी दोघांचा येथे परामर्श घेतला आहे. एक, शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द. आणि दुसरा, समुद्रातील पोवळे. ह्या दोघांची स्थिती आज सारखीच चिंताजनक आहे, हे दाखविणे हा लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूगोल पाहू. अकोले तालुक्याच्या पश्चिम सीमेवर कळसूबाई (१६४६ मीटर), रतनगड आणि हरिश्चंद्रगड ही शिखरे उभी आहेत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले म्हणजे खाली सरळ कोकण दिसते. नैर्ऋत्येचे बाष्पयुक्त वारे ह्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. त्यामुळे घाटमाथ्यावरील घाटघर व रतनवाडी येथे कित्येक वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेस अवघ्या काही कोसांवर असलेल्या अकोले गावाचे त्याच्या एका लहानशा अंशावर भागते. पश्चिमेस भात, पूर्वेस बाजरी, कांदा आणि पाटाच्या पाण्यावरील ऊस, अशी एकाच तालुक्यात दोन राज्ये आहेत. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि पहिल्या राज्याचे पाणी दुसऱ्या राज्यात घेऊन जाते. पुढे नेवासे येथे ह्याच नदीच्या तीरी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मराठी भाषेच्या अभ्यासकाला प्रवरेच्या पाण्याविषयी विशेष आस्था वाटावी, ह्यास एवढे कारण पुरेसे आहे.

आता शब्दांकडे वळू. मराठी शेतकऱ्याने पाऊस केवळ मोजला नाही, त्याने त्याला नावे दिली. सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राचा पाऊस, अशी ही योजना आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त ही पावसाची नक्षत्रे होत. त्यांच्या शेवटी चित्रा व स्वाती ही निरोपाची. सामान्य जनांनी ह्या संस्कृत नावांवर आपला संसार मांडला. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा तो ‘म्हातारा’. मघांचा तो ‘सासवांचा’, पूर्वांचा तो ‘सुनांचा’. आणि हस्ताचा अर्थातच ‘हत्तीचा’. मृगाच्या आधी अवचित येणाऱ्या मेघगर्जनेच्या सरींनाही ‘वळीव’ हे स्वतंत्र नाव आहे. ज्याची दरवर्षी वाट पाहावी किंवा ज्याची दरवर्षी धास्ती घ्यावी, त्या प्रत्येक पावसाला भाषेने नाव देऊन घरात घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

ही नामावली स्वातीपाशी, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होणाऱ्या पंधरवड्यापाशी, संपते. विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा, मूळ ही नक्षत्रे पंचांगात आहेत, पण त्यांच्या पावसाला लोकभाषेत असे सर्वपरिचित नाव नाही. हिवाळ्यासाठी भाषेजवळ शब्द नाहीत असे नव्हे. दहिवर, धुई, गारठा, कडाका, हुडहुडी असे कितीतरी शब्द आहेत. पण ते सारे थंडीचे व दवाचे आहेत. हिवाळ्यातील पावसासाठी प्रमाण मराठीत एकच शब्द आहे, आणि तो नाव नसून विशेषण आहे : ‘अवकाळी’.

ह्या रिकाम्या जागेचे महत्त्व शेजारच्या भाषांशी तुलना केल्याने स्पष्ट होते. हिंदी प्रदेशात हिवाळी पावसाला ‘महावट’, राजस्थानात ‘मावठ’ आणि गुजरातीत ‘मावठुं’ म्हणतात. ह्या शब्दांचा संबंध माघ महिन्याशी जोडला जातो. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी झंझावात उत्तर भारतात हिवाळ्यात नेमाने पाऊस देतात, व तो गव्हाला मानवतो. म्हणून तेथे त्याला महिन्याचे नाव मिळाले. दख्खनचा हिवाळा बहुशः कोरडा असे. म्हणून येथे नाव जन्मास आले नाही. शब्दाचे नसणे हा देखील इतिहासाचा पुरावा असू शकतो, तो असा.

‘अवकाळी’ ह्या शब्दाची घडणही बोलकी आहे. सुकाळ, दुष्काळ, अवकाळ ह्या तिन्ही शब्दांत ‘काळ’ आहे. पावसाचे मान ‘किती’ ह्यावर न ठरविता ‘केव्हा’ ह्यावर ठरविणारी ही दृष्टी होय. ‘अवकाळी’ म्हणण्यास आधी ‘काळ’ ठरलेला असावा लागतो. नियम असल्यावाचून अपवाद संभवत नाही. तेव्हा हा शब्द दोन गोष्टींची एकदम साक्ष देतो : हिवाळ्यात पाऊस पूर्वीही क्वचित येत असे, आणि तो येणे हे नेमाला सोडून आहे असे लोक मानीत असत.

येथे एका संभाव्य आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. नक्षत्रांचे हे कालमापन निरयन आहे. अयनचलनामुळे ते ऋतूंच्या तुलनेने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस ह्या गतीने पुढे सरकते. ज्ञानेश्वरांच्या काळापासून आजपर्यंत हा फरक दहा दिवसांच्या आसपास भरतो. मग पाऊस बदलला की पंचांग सरकले, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. उत्तर सोपे आहे. सातशेहून अधिक वर्षांत पडलेला दहा दिवसांचा फरक एका माणसाच्या हयातीत जाणवणे शक्य नाही. सध्याचा शेतकरी ज्या बदलाविषयी बोलतो तो त्याने स्वतः पाहिलेला आहे. त्याचे कारण आकाशातील ताऱ्यांत नव्हे, अन्यत्र शोधावे लागेल.

अलीकडच्या काही घटना पाहू. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागावर गारपीट होत राहिली. पश्चिमी झंझावात आणि समुद्रांवरून आलेले बाष्प ह्यांची ती गाठ होती. काढणीस आलेला गहू, हरभरा, द्राक्षे, कांदा ह्यांची त्यात माती झाली. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ वादळ कन्याकुमारी व लक्षद्वीप ओलांडून उत्तरेस आले आणि महाराष्ट्रात ऐन हिवाळ्यात सरी कोसळल्या. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस व थंडी एकत्र आल्याने पुणे व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत उघड्यावर बसलेल्या हजारांहून अधिक मेंढ्या-शेळ्या गारठून मेल्या. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड व पारनेरच्या परिसरात पुन्हा गारा पडल्या. ह्यांपैकी कोणत्याही एका घटनेवर सिद्धांत उभारणे अशास्त्रीय ठरेल. एखादे वर्ष वाईट जाणे हा इतिहासाचा नित्य क्रम आहे. परंतु घटनांची रांग लागू लागली म्हणजे त्यांच्या मागे समान पार्श्वभूमी आहे काय, हे पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

ती पार्श्वभूमी म्हणजे तापलेला समुद्र होय. हरितगृहवायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग महासागर शोषून घेतात. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागरापेक्षा थंड असे, आणि म्हणून तेथे वादळेही कमी होत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ ह्या काळात अरबी समुद्रावरील चक्रीवादळांची संख्या त्यापूर्वीच्या दोन दशकांच्या तुलनेने सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. वादळापूर्वीचे ह्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान चार दशकांपूर्वीच्या मानाने १.२ ते १.४ अंशांपर्यंत अधिक आढळते. उष्ण पाण्यावरील उष्ण हवा अधिक बाष्प धरते. उत्तरेकडून येणारा झंझावात पूर्वी दख्खनवर कोरडाच निघून जाण्याचा संभव अधिक असे. आता त्याच्या वाटेवर हे बाष्प अधिक प्रमाणात सिद्ध असते.

पुराची कथा ह्याहून निराळी नाही. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली असे दाखविले की, १९५० ते २०१५ ह्या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते हेलकावे आहेत. विशेष म्हणजे ह्याच काळात पावसाची एकूण सरासरी वाढलेली नाही. उलट ती काहीशी घटली आहे. म्हणजे पाऊस तेवढाच किंवा थोडा कमी, पण तो थोड्या दिवसांत कोसळणार. ‘ओला दुष्काळ’ हा वरवर वदतोव्याघात वाटणारा शब्दप्रयोग आज वर्तमानपत्रांत सर्रास आढळतो, त्याचे मूळ ह्या वस्तुस्थितीत आहे.

प्रवरेच्या काठावर पुराच्या भाषेत आणखी एक पालट झालेला आहे. भंडारदऱ्याचे धरण १९१० ते १९२६ ह्या काळात बांधले गेले आणि त्यास मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन ह्यांचे नाव देण्यात आले. पुढे त्याच्या खाली निळवंडे येथेही धरण झाले. धरणापूर्वी नदीला पूर ‘येत’ असे. ‘येणे’ हे अकर्मक क्रियापद. त्याचा कर्ता नदी किंवा दैव. आता पाणी ‘सोडले’ जाते. ‘विसर्ग’ आणि ‘क्यूसेक’ हे शब्द नदीकाठच्या निरक्षर माणसालाही ठाऊक झाले आहेत. क्रियापद बदलले म्हणजे उत्तरदायित्वाची कल्पना बदलते : ‘आला’ म्हटले की हात जोडावयाचे, ‘सोडले’ म्हटले की कोणी, केव्हा, किती असे विचारावयाचे. समुद्राच्या तापण्याविषयी मात्र आपली भाषा अद्याप पहिल्याच अवस्थेत आहे. अवकाळी अजून ‘येतो’च. त्याचा काही भाग मनुष्यानेच ‘सोडलेला’ आहे, हे आपल्या क्रियापदांत उतरलेले नाही.

आता दुसऱ्या साक्षीदाराकडे, पोवळ्याकडे, जाऊ. ‘पोवळे’ हा शब्द संस्कृत ‘प्रवाल’ पासून प्राकृताच्या द्वारे आलेला आहे. ‘प्रवाळ’ हे त्याचेच तत्समाकडे झुकलेले रूप. ‘प्रवरा’ आणि ‘प्रवाल’ ह्यांतील ध्वनिसाम्य पाहून, र आणि ल ह्यांच्या अदलाबदलीचा आधार घेऊन, दोहोंचे नाते जोडण्याचा मोह होण्याजोगा आहे. तो आवरला पाहिजे. ‘प्रवर’ म्हणजे श्रेष्ठ, आणि नदीचे नाव त्या शब्दाकडे जाते. शब्दांचे नाते येथे नाही. वस्तूंचे नाते मात्र जुने आहे. नेवाशाच्या उत्खननात शंखाच्या बांगड्या मिळाल्या आहेत. समुद्राचे धन प्रवरेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी येऊन पोहोचले होते. ‘पेरिप्लस’ ह्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला येणाऱ्या मालात पोवळ्याचा उल्लेख आहे, आणि भारतीयांना पोवळ्याचे फार मोल वाटते असे रोमन लेखक प्लिनी नमूद करतो. तथापि अंगठीतले हे तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील असून, ते प्रवाळभित्ती उभारणाऱ्या जातींचे नव्हे. ज्यांची चिंता आज करावयाची ती पोवळी निराळी, आणि आपल्या किनाऱ्याच्या अधिक जवळची आहेत.

सिंधुदुर्ग किल्ला १६६४ ते १६६७ ह्या काळात मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावर बांधला गेला. त्याच्या परिसरातील पाण्यात जिवंत पोवळी आहेत, आणि १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावावरून त्यास ‘आंग्रिया बँक’ म्हणतात, आणि तेथेही प्रवाळांची समृद्ध वसाहत आहे. दक्षिणेस लक्षद्वीप तर केवळ प्रवाळांनीच घडविलेले आहे. भित्ती उभारणारे पोवळे हा चुन्याचे घर बांधणारा लहानसा प्राणी होय. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न करते, पोवळ्याला पोसते आणि रंगही देते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा सहवास मोडतो. पोवळे शैवालाला बाहेर टाकते आणि पांढरे पडते. पाणी लवकर निवले तर ते सावरते. न निवल्यास उपासमारीने मरते.

लक्षद्वीपात १९९८, २०१० आणि २०१६ ह्या वर्षी असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाले. २०२४ साली ते पुन्हा दिसून आले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जागतिक पातळीवरील चौथे विरंजन घोषित झाले. १९९८ पासूनच्या सुमारे पाव शतकात तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आले आहे. मालवणच्या पोवळ्यांवरही विरंजनाचे घाव पडले आहेत. ही पोवळी पावसाळ्यातील गढूळ व निमखाऱ्या पाण्यात तगून राहणारी, म्हणजे एका अर्थी पूर सोसलेली आहेत. अतिवृष्टीमुळे जमिनीवरील माती अधिक वेगाने समुद्रात जाऊ लागली म्हणजे त्यांच्यावर दुहेरी ताण पडतो : खालून उष्णता आणि वरून गाळ.

इतिहासाच्या अभ्यासकाने पोवळ्याकडे लक्ष का द्यावे, ह्याचे उत्तर त्याच्या देहरचनेत आहे. पोवळ्याच्या चुन्याच्या सांगाड्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्षागणिक वलये पडतात. त्या थरांतील प्राणवायूच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासले असता त्या त्या वर्षीच्या समुद्राचे तापमान आणि पावसाने पाण्याच्या खारेपणात झालेला फरक ह्यांचा अंदाज करता येतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी लक्षद्वीपच्या पोवळ्यांवर अशा प्रकारचे काम केलेले आहे. म्हणजे पोवळे ही समुद्राने स्वतः लिहिलेली बखर होय. पोवळे मेले की बखरीची पाने जळत नाहीत, पण पुढचे पान लिहिले जात नाही. ज्या वर्षांचा वृत्तांत सर्वाधिक महत्त्वाचा, नेमक्या त्याच वर्षी लेखक हातातील लेखणी टाकतो.

शब्दांची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. तरणा आणि म्हातारा पाऊस, सासवांचा आणि सुनांचा पाऊस ही नावे अकोले तालुक्याच्या पश्चिमेस वृद्धांच्या बोलण्यात अजून ऐकू येतात. तरुणांच्या बोलण्यात त्यांची जागा भ्रमणध्वनीवरील अंदाजाने घेतली आहे. अंदाज उपयुक्त आहे, त्यास दोष नाही. पण अंदाज उद्याचे सांगतो, आणि नाव आजवरचे सांगते. हस्ताचा पाऊस हस्तात पडेनासा झाला तर ते नाव रिकाम्या घरासारखे काही काळ उभे राहील आणि मग पडेल. ‘अवकाळी’ची गत ह्याहून विपरीत होण्याचा संभव आहे. तो दरवर्षी येऊ लागला तर शब्द टिकेल, परंतु त्यातील ‘अव’ मरेल. उद्याचे मूल ‘अवकाळी’ हे केवळ एका पावसाचे नाव समजेल; त्या शब्दाच्या आड कधीकाळी एक कोरडा, निरभ्र हिवाळा होता, हे त्यास उमगणार नाही. पोवळ्याचा रंग जातो आणि सांगाडा राहतो, तसेच हे शब्दाचे विरंजन होय.

ह्यावर उपाय आहे, आणि तो आपल्या आवाक्यातील आहे. ह्याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी भाताचे व भाज्यांचे देशी वाण घरोघर हिंडून जमविले. त्या कार्यासाठी त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. बियाण्याबरोबर बियाण्याचे नाव, पेरणीचे नक्षत्र आणि त्याला सोसणारा पाऊस हेही राखले जाते. हीच पद्धत शब्दांना लावता येईल. घाटघरपासून अकोले गावापर्यंत प्रवरेच्या काठाने पाऊस, पूर, धुई, गारा ह्यांविषयीचे शब्द गावनिहाय टिपावेत. तो शब्द कोणत्या पावसाला लावतात आणि तसा पाऊस शेवटचा कधी पाहिला, हे विचारावे. आणि ती उत्तरे हवामान खात्याच्या नोंदींशेजारी ठेवावीत. भाषाशास्त्र, इतिहास आणि भूगोल ह्या तीन विभागांतील विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्याच्या सुटीत आरंभ करता येईल असे हे काम आहे. ते पुढील पिढीवर टाकता येणार नाही, कारण सांगणारी पिढी तोवर असणार नाही.

अगस्ती हे नाव केवळ ऋषीचे नाही, ते एका ताऱ्याचेही आहे. पावसाळा सरत आला की अगस्तीचा उदय होतो आणि त्याने गढूळ पाणी निवळते, असे वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगितले आहे. कालिदासाच्या रघुवंशातही हाच संकेत आहे. पूर ओसरला, आकाश मोकळे झाले, हिवाळ्याची वाट खुली झाली, ह्याची ती खूण. माघाच्या संध्याकाळी अकोले येथून दक्षिणेस पाहिले असता तो तारा क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर लखलखताना दिसतो. तारा आपल्या जागी आहे. त्याच्याखालचे पाणी मात्र पूर्वीसारखे नेमाने निवळत नाही. कथेतील अगस्तींनी समुद्र प्यायला तो त्यात काय दडले आहे ते दिसावे म्हणून. आज समुद्रात दडली आहे ती उष्णता, आणि तिचा ठाव घेण्यास समुद्र पिऊन टाकण्याची आवश्यकता नाही. पोवळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी जे नोंदवून ठेवले आहे, ते वेळेवर वाचले तरी पुरे आहे.